साहेबांचं तोंड आणि आपला कागद

विनोबांनी जबलपूरला 'संस्कारधानी' म्हटलं, हे इथलं शाळेतलं पोरही छाती फुगवून सांगतं. विनोबा पदयात्रेला निघालेले. गावात आले, सभा झाली, पुढे गेले. एखाद्या खासगी कंपनीच्या शाखेत सोमवारी सकाळच्या मीटिंगला त्यांना कुणी बसवलं नाही, हे शहराचं नशीब. बसवलं असतं तर बिरुद परत घेऊनच ते भेडाघाटच्या वाटेला लागले असते.

मी मराठी, पण जन्मानं जबलपूरचा. आजोबा खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात चिकटले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, गल्लीत बुंदेली, हापिसात हिंदी आणि इन्क्रिमेंट नाकारल्याच्या पत्रात इंग्रजी. त्यामुळे मला चार भाषांतून अपमान कळतो आणि एकाही भाषेत वेळेवर उत्तर सुचत नाही.

बोलून जीव नकोसा करणाऱ्या साहेबांचे साधारण चार प्रकार असतात. पहिला गडगडाटी. याचा आवाज पार्किंगपर्यंत जातो, पण अर्ध्या तासानं हाच तुम्हाला चहा पाजतो. अपमान सगळ्यांसमोर आणि चहा केबिनमध्ये, एवढाच त्यात हिशेबीपणा. दुसरा थंड. हा आवाज चढवत नाही. तुमच्या रिपोर्टचं पान दोन बोटांत धरून शांतपणे विचारतो, "आप ग्रॅज्युएट हैं ना? पक्का?" तिसरा घरगुती. "हम सब एक परिवार हैं," हे त्याचं ब्रीद. परिवारात कुणी सुट्टी मागतं का? परिवारात कुणी ओव्हरटाइम मोजतं का? मात्र पगाराची तारीख आली की परिवारातले कर्ते पुरुष नेमके बाहेरगावी असतात.

चौथा व्हॉट्सॲपी. हा रात्री पावणेबाराला नुसती दोन प्रश्नचिन्हं पाठवतो. कशाबद्दल, ते लिहीत नाही. पहाटेपर्यंत आपण आपली सगळी पापं आठवत बसतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून 1890 साली रविवारची सुट्टी मिळवली. व्हॉट्सॲपी साहेब ती रविवारी सकाळी सात वाजता, गुलाबाच्या फुलासकट 'सुप्रभात' घालून काढून घेतो. फुलाच्या खाली एक्सेलची फाइल असते. हापिसाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, एकदा नव्हे दोनदा. त्याचा अजून कायदा झालेला नाही. खासदारांनाही रात्री मेसेज येतच असणार.

आमच्या साहेबांमध्ये चारही प्रकार सुखानं नांदतात. दुपारपर्यंत गडगडाट, जेवणानंतर थंडी, सुट्टीच्या अर्जापुरता परिवार, रात्री व्हॉट्सॲप. त्यांची खासियत म्हणजे ते एका दगडात दोन पक्षी मारतात. परवा माझा तक्ता उंच धरून सगळ्यांना दाखवत म्हणाले, "ये क्या बनाया है? इससे अच्छा तो अपना चपरासी बना देता." शिपाईदादा तेवढ्यात पाण्याचे ग्लास घेऊन आत आले होते. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर पडल्यावर मला हळूच म्हणाले, "भैया, हमको काहे बीच में लाते हैं? हम तो इससे अच्छा ही बनाते." त्या दिवशी दुखावलेले आम्ही दोघं होतो, पण त्यांचं दुःख जास्त साधार होतं.

शिपाईदादा हे आमचं हवामान खातं. साहेबांच्या गाडीचं दार कसं आपटलं, डबा कुणी दिला, घरून फोन कितीदा आला, यावरून ते अंदाज वर्तवतात. "आज मत जाना" म्हणाले की कितीही अर्जंट सही असो, आम्ही फाइल ड्रॉवरमध्ये सरकवतो. एकदा पाहुण्या इंजिनिअरनं अंदाज धुडकावला आणि आत गेला. केबिनमधून स्टेपलर बाहेर आला, मग फाइल, मग तो.

असं काही झालं की सल्ल्यांना तोटा नसतो. अकाउंटवाले काका म्हणतात, "एका कानानं ऐकायचं, दुसऱ्यानं सोडून द्यायचं." त्यांचे दोन्ही कान आता कमी ऐकतात, त्यामुळे पद्धत यशस्वी झाली असं म्हणायला हरकत नाही. सासुरवाडीकडून सल्ला येतो, "शनीला तेल घाला." मित्र म्हणतो, "लात मार नौकरी को." लाथ मारणाऱ्यांत आमच्या गावचं थोर उदाहरण म्हणजे हरिशंकर परसाई. हिंदीतला हा अव्वल व्यंग्यकार आयुष्याचा बराचसा काळ जबलपुरात राहिला. 1952 साली त्यानं सरकारी मास्तरकी सोडली, पुढे खासगी शाळांतली नोकरीही 1957 साली सोडली आणि नुसत्या लेखणीवर जगला. पण परसाईंनी लग्न केलं नव्हतं आणि त्या काळी फ्लॅटचे हप्ते नव्हते. शिवाय राजीनाम्यानंतर परसाईंसारखं लिहिता यावं लागतं. मला तर राजीनामाही धड लिहिता येत नाही. मी शेवटी वकीलमामांकडे गेलो.

जबलपूर हे हायकोर्टाचं गाव. 1956 साली मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि आमच्या वाट्याला हायकोर्ट आलं. तेव्हापासून इथं प्रत्येक घराला एक तरी वकील मामा किंवा मेहुणा असतो. आमचे मामा नोकरीच्या कज्ज्यांत मुरलेले. राइट टाउनमधल्या त्यांच्या बैठकीत मी सगळं गाऱ्हाणं घातलं.

"शिवी दिली?" मामांनी विचारलं.

"रोज देतात."

"लेखी दिली?"

"मामा, शिवी कुणी लेखी देतं का?"

"मग तू तरी ती लेखी घेतलीस का?"

मी गप्प. मामांनी चष्मा पुसला आणि पहिली वाईट बातमी दिली. साहेबानं नुसतं टाकून बोलणं हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही. भारतीय न्याय संहितेचं 352 वं कलम आहे, समोरच्याला भडकवून शांतताभंग व्हावा अशा हेतूनं केलेल्या अपमानाचं. पण फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे सिकंदराबादच्या एका राष्ट्रीय संस्थेतलं प्रकरण आलं. संचालकांनी आपल्याला रागावलं अशी तिथल्या एका प्राध्यापिकेची तक्रार होती. कोर्टानं सांगितलं की कामाच्या संदर्भात वरिष्ठानं खडसावणं म्हणजे जुन्या दंड संहितेच्या 504 व्या, आताच्या 352 व्या, कलमातला हेतुपुरस्सर अपमान नव्हे. खटला रद्द झाला.

"म्हणजे साहेबांना मोकळं रान?"

"काम चुकलं म्हणून बोलले तर बऱ्यापैकी मोकळं. आता उलटी बाजू ऐक. तू साहेबाला शिवी दिलीस तर?"

ही उलटी बाजू ऐकून माझं उरलंसुरलं शौर्य निमालं. महिंद्र अँड महिंद्रमधल्या एका कामगारानं सुपरवायझरला अर्वाच्य भाषेत सुनावलं, कंपनीनं त्याला बडतर्फ केलं. कामगार न्यायालयाला ही शिक्षा फार वाटली, पण 2005 साली सुप्रीम कोर्टानं बडतर्फी योग्य ठरवली. त्याआधी 1980 च्या दशकात याच कोर्टानं, तोंडातून गेलेल्या शब्दापायी माणसाची नोकरी घेणं जास्त होतं, असे निकालही दिलेले आहेत. तेव्हा कायदा अगदीच एकसुरी नाही. पण ढोबळ हिशेब असा की खालून वर गेलेली शिवी ही गैरवर्तणूक ठरते आणि वरून खाली आलेली शिवी ही कामाची पद्धत ठरते.

"पण वरून स्टेपलर आला तर?" मी विचारलं.

"लागला?"

"थोडक्यात हुकला."

"लागला असता तर कलम 115. इजा केली म्हणून वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जातीवरून बोलले आणि चारचौघांत बोलले, तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, तिथं 'साहेब स्वभावानं तापट आहेत' हे चालत नाही. आणि तुमच्या हापिसातल्या मुलींना काही उलटसुलट बोलले, अंगचटीला आले, तर लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे, तिची अध्यक्ष वरिष्ठ बाईच हवी, तक्रार तीन महिन्यांत. समिती नेमली नाही तर मालकाला पन्नास हजार दंड. आहे का तुमच्याकडे समिती?"

आहे, म्हणजे वॉटर कूलरच्या मागं तिचा कागद चिकटवलेला आहे. त्यावरच्या दोघी नोकरी सोडून गेल्या आणि तिसऱ्यांना आपण सदस्य आहोत हे त्या कागदावरून कळलं. हा कायदा राजस्थानातल्या एका साथीणीवर, म्हणजे गावातल्या सरकारी कार्यकर्तीवर, झालेल्या अत्याचारानंतर आला. 1997 साली विशाखा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं नियम घालून दिले आणि त्यांचा कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं गेली. एवढ्या किमतीला मिळालेला कागद आम्ही कूलरमागं ओला करत ठेवला, यात हसण्याजोगं काही नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या सहकारी बाईंनी तो काढला, नवा छापला आणि साहेबांच्या केबिनच्या दारासमोर लावला. साहेब तो रोज वाचून आत जातात. नजर जाईल तिथं दुसरं काही नाहीच.

मामांची दुसरी फेरी चहाबरोबर सुरू झाली. "21 नोव्हेंबर 2025 ला चारही श्रमसंहिता लागू झाल्या. जुने एकोणतीस कायदे त्यांत गेले. तुमच्याकडे कामगार किती?"

"वीसच्या वर असतील."

"मग तक्रार निवारण समिती हवी. जास्तीत जास्त दहा माणसं, निम्मी मालकाची, निम्मी कामगारांची. तक्रार वर्षाच्या आत करायची, समितीनं तीस दिवसांत काम संपवायचं. पण आधी सांग, तू कामगार आहेस का?"

"मी असिस्टंट मॅनेजर आहे."

"हाताखाली कोण?"

"सध्या कोणी नाही."

"रजा मंजूर करतोस?"

"स्वतःची पण नाही."

"मग दिवसभर करतोस काय?"

"तक्ते भरतो. बिलं चढवतो. मेल पाठवतो."

मामा खूश झाले. आजकाल पगार वाढवण्यापेक्षा हुद्दा वाढवणं स्वस्त पडतं. कारकुनाला 'एक्झिक्युटिव्ह' म्हटलं की तो आपण होऊन रात्री आठपर्यंत बसतो आणि 'मॅनेजर' म्हटलं की युनियनचं नाव काढायला लाजतो. आमच्या शाखेत मॅनेजर नसलेला माणूस फक्त शिपाईदादा, आणि त्यांनाही मागच्या दिवाळीत 'फॅसिलिटी असोसिएट' असं कार्ड छापून मिळालं. पण कोर्ट दारावरची पाटी बघत नाही, हात काय करतात ते बघतं. कारकुनी, तांत्रिक, अंगमेहनतीचं काम करणारा तो कामगार, पगार कितीही असो. देखरेखीचं काम करणाऱ्यालाच अठरा हजारांची मर्यादा आहे. त्यावर पगार गेला की तो कामगार नाही. खराखुरा व्यवस्थापक असेल तर तो मुळातच कामगारात मोडत नाही. माझ्या व्हिजिटिंग कार्डाची एवढी नाचक्की कधी झाली नव्हती आणि एवढा आनंदही मला कधी झाला नव्हता. आपण कुणीच नाही हे कायद्यानं सिद्ध झालं की कायदा आपला होतो.

"आता दंडाचं सांग," मामा म्हणाले, "साहेब पगार कापतात ना?"

कापतात. दहा मिनिटं उशीर झाला की शंभर रुपये, मोबाइल वाजला की पन्नास. मामांनी हिशेब समजावला. उशीर झाला तर तेवढ्या वेळाचा पगार कापता येतो. दंड ही वेगळी गोष्ट. कोणत्या चुकांना दंड, याची मंजूर यादी हापिसात लावलेली हवी. दंडाआधी माणसाचं म्हणणं ऐकायला हवं. महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त दंड नाही. सगळा दंड रजिस्टरात चढवायचा आणि तो पैसा कामगारांच्या भल्यासाठीच वापरायचा.

हे शेवटचं वाक्य मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं. दंड 'आमच्या' भल्यासाठी! आजवरच्या दंडाचं गणित मनात मांडलं तर आम्हा सगळ्यांना रोज खोव्याची जिलबी खाता आली असती. दुसऱ्या दिवशी मी ही बातमी अकाउंटवाल्या काकांना दिली. त्यांनी एकदम नीट ऐकली, दोन्ही कानांनी.

अजून बऱ्याच गोष्टी मामांनी हातासरशी सांगितल्या. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत. नोकरी सोडली किंवा गेली, तर देय पगार दोन कामकाजी दिवसांत. नेमणुकीचं पत्र हा मालकाचा उपकार नाही, आता कायद्यानंच ते द्यावं लागतं. चौकशी चालू असताना कामगाराला निलंबित केलं, तर पहिले नव्वद दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळतो, पुढे, उशीर कामगारामुळे होत नसेल तर, पाऊण. आणि वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण आहे, त्याचं मध्य प्रदेशचं मुख्य कार्यालय आमच्या जबलपुरातच. बायका, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. फोन 15100.

"मग तुम्ही कशाला?" मी नकळत बोलून गेलो.

"मी मामा आहे म्हणून," ते म्हणाले आणि चहाचा दुसरा कप मागवला नाही.

कायद्याची परीक्षा दिलेल्या देशातल्या कुणालाही जबलपूर म्हटलं की धुआंधार धबधबा आठवत नाही, खटला आठवतो. आणीबाणीत 'मिसा' या अटकेच्या कायद्याखाली आत टाकलेल्यांनी इथल्या हायकोर्टात धाव घेतली. हायकोर्ट म्हणालं, आम्ही ऐकू. सरकार वर गेलं आणि 28 एप्रिल 1976 रोजी 'ए.डी.एम. जबलपूर' या नावानं प्रसिद्ध झालेल्या निकालात सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं की आणीबाणी असेतोवर व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. 'साहेब म्हणतील ते' या तत्त्वाला यापेक्षा मोठी मान्यता कुठल्याही हापिसात मिळाली नसेल. ते एकटं विरोधी मत न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचं. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठाला सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. चौघांपैकी एक होते आपले यशवंतराव चंद्रचूड. 2017 साली, खासगीपणाच्या हक्काच्या निकालात, हा जुना निकाल चूक ठरवणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. मामांचं म्हणणं असं की खन्ना त्या दिवशी नुसते मान हलवून घरी गेले असते तर कुणाला कळलं असतं? त्यांनी लिहून ठेवलं. बढती गेली, कागद राहिला आणि एक्केचाळीस वर्षांनी कागद जिंकला.

"एक्केचाळीस वर्षं!" मी म्हणालो. "मामा, मी तोवर रिटायर होईन."

"तुझं काम छोटं आहे. तुला एवढा वेळ लागणार नाही."

कागदानं लगेच काम होतं असं मात्र नाही. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईला नौदलाच्या 'तलवार' या तळावर कमांडर किंग नावाचा इंग्रज अधिकारी खलाशांना त्यांच्या आयाबापांवरून बोलला. खलाशांनी शिस्तीत लेखी तक्रारी दिल्या. त्या तक्रारी फिरत फिरत किंगसाहेबांपुढेच आल्या आणि खोटी तक्रार करणं किती गंभीर असतं यावर साहेबांनी तक्रारदारांनाच तंबी दिली. 18 फेब्रुवारीला खलाशांनी सडकी डाळ आणि निकृष्ट पावाला नकार दिला आणि बंड पेटलं. दहा दिवसांच्या आत लोण आमच्या जबलपुरात आलं. 27 फेब्रुवारीला इथल्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरचे शेकडो जवान बराकीतून बाहेर पडले आणि काँग्रेस व मुस्लिम लीग या दोन्हींचे झेंडे घेऊन शहरात शिरले. निकृष्ट जेवण, गोऱ्या शिपायांच्या मानानं तुटपुंजा पगार, अधिकाऱ्यांचं अपमानास्पद बोलणं, या त्यांच्या तक्रारी. बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. साहेबाची तक्रार साहेबाकडेच जाते तेव्हा पुढे काय होतं, हे यातून इंग्रजांना कळलं, पण आमच्या एचआरला अजून कळायचं आहे. तिथं आम्ही पाठवलेली तक्रार 'आवश्यक कार्यवाहीसाठी' म्हणून साहेबांनाच फॉरवर्ड होते.

आजोबांच्या काळी ही अडचण युनियननं सोडवली होती. 1904 ची गन कॅरेज फॅक्टरी, मग खमरिया, मग 1969 ची वाहन फॅक्टरी. भोंगा वाजला की हे अर्धं शहर सायकलवर निघायचं. आजोबांची संघटना संरक्षण कामगार महासंघाला जोडलेली आणि महासंघाचं अध्यक्षपद आपल्या एसेम जोशींनी सांभाळलेलं. आजोबा सांगत, फोरमन कुणाला अद्वातद्वा बोलला तर जेवणाच्या सुट्टीत चार माणसं त्याच्या टेबलापाशी जाऊन नुसती उभी राहायची. भांडण नाही, घोषणा नाही. एक जण डायरी काढून तारीख आणि वेळ लिहायचा. फोरमन विचारायचा, "क्या लिख रहे हो?" तो म्हणायचा, "कुछ नहीं साहब, याददाश्त कमज़ोर है."

हे मामांना सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "मग तुला माझी फी कशाला पाहिजे? आजोबांनी फुकट शिकवलंय. डायरी लिही. तारीख, वेळ, शब्द, कोण हजर होतं. तोंडी हुकूम आला की मेलवर कायम करून घे. फोनवर बोलले तर रेकॉर्डिंगही पुरावा होतं. मुंबईच्या एका कॉरोनरनं फोनवर लाच मागितली होती, सुप्रीम कोर्टानं 1972 सालीच ती टेप पुराव्यात घेतली. फक्त मूळ फोन जपून ठेव, आता प्रमाणपत्र लागतं. आणि भाषा मऊ. इतकी मऊ की वाचताना साहेबांना घाम फुटला पाहिजे."

सोमवारी मीटिंग झाली. साहेबांनी माझी, तक्त्याची आणि माझ्या शाळेची यथास्थित संभावना केली. मी जागेवर येऊन मेल लिहिला. मजकूर साधारण असा: 'आदरणीय महोदय, आज सकाळी 10 वाजून 50 मिनिटांनी झालेल्या बैठकीत आपण मला "गधा" असे संबोधून तक्ता क्रमांक 3 शुक्रवारऐवजी आजच सायंकाळपर्यंत देण्याची तोंडी सूचना केली. त्यानुसार काम सुरू केले आहे. माझ्या नोंदीत काही चूक असल्यास कृपया दुरुस्ती कळवावी. आपला विश्वासू.'

पाच मिनिटं हापिसात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग केबिनचं दार उघडलं. साहेब माझ्या टेबलापाशी आले. आयुष्यात पहिल्यांदा.

"ये 'गधा' लिखना ज़रूरी था?"

"सर, दुरुस्ती असेल तर कळवा. मी सुधारतो."

आता त्यांनी काय दुरुस्ती कळवावी? 'गधा म्हटलं नव्हतं' असं लिहिलं तर मीटिंगला अकरा साक्षीदार होते. 'म्हटलं होतं' असं लिहिलं तर प्रश्नच मिटला. त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "टेबल शुक्रवार तक दे देना. जल्दी नहीं है."

बातमी पसरायला जेवणाची सुट्टी पुरली. आठवडाभरात शाखेतला प्रत्येक जण आदरणीय महोदयांना नोंदी पाठवू लागला. अकाउंटवाल्या काकांनी दंडाच्या रजिस्टरबद्दल विनम्र विचारणा केली. स्टोअरमधल्या दादांनी 'आपण रागाने ढकललेले स्टॉक रजिस्टर जसेच्या तसे टेबलाखाली आहे, उचलण्याबाबत आदेश व्हावेत' असं लिहिलं. शिपाईदादांनी माझ्याकडून लिहवून घेतलं की तुलनेसाठी आपलं नाव यापुढे वापरलं जाऊ नये. साहेबांचा सगळा वेळ आपण काय बोललो ते वाचण्यात जाऊ लागला. माणसाला स्वतःचं बोलणं टाइप करून वाचायला दिलं की त्याचा आवाज आपोआप उतरतो. ते आता बोलण्याआधी थांबतात. शब्द तोंडापर्यंत येतो, मेलमध्ये तो कसा दिसेल हे डोळ्यांपुढे येतं, आणि मग बाहेर पडतं, "देख लीजिए ज़रा."

रामराज्य आलं असं समजू नये. इन्क्रिमेंट नाकारल्याची पत्रं अजून येतात, आणि रात्रीची प्रश्नचिन्हंही, दोनाऐवजी आता एक. तक्रार निवारण समितीसाठी आमचा अर्ज गेलाय, निम्मी नावं आमच्याकडून दिलीत, मालकाकडची निम्मी यायची आहेत. पण माणसं आता एकमेकांना विचारतात, लिहिलंस का? कूलरपाशी पूर्वी शिव्यांची देवाणघेवाण व्हायची, आता मसुद्यांची होते.

गेल्या शुक्रवारी सगळे गेल्यावर साहेबांनी मला आत बोलावलं. इंदूरवरून रिजनल हेड आले होते आणि दुपारभर बंद दारामागून जे ऐकू आलं त्यात आमच्या साहेबांचा आवाज कुठंच नव्हता. शिपाईदादांनी सकाळीच सांगितलं होतं, "आज साहब का मौसम खराब है. बाहर से आया है."

साहेब म्हणाले, "बैठिए. वो आपका मेल का फॉर्मेट है ना… ज़रा मुझे भी भेज देंगे?"

मी तिथल्या तिथं मामांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहब, आप के नीचे कितने लोग हैं?"

"पूरी ब्रांच."

"छुट्टी मंजूर करते हैं? इन्क्रिमेंट?"

"हाँ, सब."

"तब तो आप असली मैनेजर हैं. कामगार की परिभाषा में आते ही नहीं. आपके लिए न समिति, न लेबर कोर्ट."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. हापिसात सगळ्यात जास्त हक्क शिपाईदादांना आणि सगळ्यात कमी आपल्याला, हे गणित त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सोडवून दाखवलं होतं. मग त्यांनी फोनकडे वाकून विचारलं, "तो मैं क्या करूँ?"

"वही जो ये लोग करते हैं," मामा म्हणाले. "डायरी लीजिए. तारीख से शुरू कीजिए."